पाशामियाँच्या कोड्यांची साठ वर्षं

राजशेखरनं कपातला चहा बशीत ओतला, फुंकर घातली, पण प्यायला नाही. बशी तशीच हातात धरून त्यानं एकदाचं बोलून टाकलं.

"तौसिफभाई, पाशामियाँची कोडी पुन्हा छापावी म्हणतो. एका पानावर मराठी, समोर कन्नड. कन्नड आमच्या पोरीनं, शिवप्रियानं केलंय. तुमा सगळ्यांची परवानगी पाह्यजे."

तौसिफ मोठ्यानं हसला. तरन्नुमला ते हसू ओळखीचं होतं. दुकानात एखादी बाई डझनभर बांगड्या हातात चढवून नको म्हणाली, की तिचा भाऊ असाच हसायचा.

"परवानगी कशाला रे? दोन महिने दम धर. एकदा जानेवारी लागला की तू काय, मुरुमच्या स्टँडवरचा पेपरवाला बी छापू शकतो. दादा, म्हंजे आमचे आजोबा, गेले पासष्ट साली. साठ वर्षं भरली की पुस्तक बेवारस."

"बेवारस नाही, भाईजान," तरन्नुम म्हणाली. "सगळ्यांचं होतं."

"तेच ते. सगळेच वारस झाल्यावर जपणार कोण?"

उमरग्याच्या ज्युनिअर कॉलेजात तरन्नुम पंचवीस वर्षं अर्थशास्त्र शिकवत होती, पण मुरुमच्या या घरात शिरलं की तिची सगळी वाक्यं अर्ध्यावरच तुटत. आज ती आली होती कलीमसाठी. धाकटा भाऊ पुण्याहून येणार, सगळ्यांशी काही महत्त्वाचं बोलणार, असा त्याचा फोन होता. राजशेखर त्याच दिवशी अवचित टपकेल हे कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. त्याला जा तरी कसं म्हणणार? पाशामियाँ मास्तरांनी पोरांसाठी जुळवलेली ती कोडी एकसष्ट साली पहिल्यांदा छापली होती ती याच्याच आजोबांनी, शरणबसप्पांनी, दोन गल्ल्या पलीकडच्या छापखान्यात. पुस्तक जिल्हाभरच्या शाळांत गेलं. नंतर चारच वर्षांनी पाशामियाँ विषमज्वरानं गेले.

त्यांच्या पाच लेकरांपैकी आता एकटी कुलसुमबी उरली होती. ती बाजेवर बसून सुपात शेंगा फोडत होती. तिला मूलबाळ नव्हतं. नवरा गेल्यापासून ती तौसिफकडंच असायची.

"चाची, तुमी हायत म्हणून विचारायला आलो," राजशेखर तिच्याकडं वळला. "कायदा जानेवारीत मोकळा करतोय, ते मलाबी ठाव हाय. पन तुमी समोर बसलेल्या असताना न विचारता छापलं, तर आमचा आजा काय म्हणंल?"

"तुझा आजा काय म्हणायचा न्हाय. छाप म्हणंल," कुलसुमबी म्हणाली. "माझा भाचाच म्हणंल ते म्हणंल."

तौसिफनं मान फिरवली. सगळ्यांना ठाऊक होतं. त्र्याऐंशी साली शेवटची आवृत्ती निघाली आणि मग बंद. कारण साधं होतं. पाशामियाँचा हक्क पाच लेकरांत गेला, त्यांच्या मागं त्यांच्या लेकरांत. कुणी सोलापूरला, कुणी हैदराबादला, एक जण कायमचा आखातात. छापायचं म्हटलं की सगळ्यांच्या सह्या हव्यात. एकाची सही आली की दुसरा रुसायचा. त्यातून कुणी प्रकाशक तग धरून राहिलाच, तर शेवटी तौसिफ आडवा पडायचा. असे किती आले आणि निघून गेले.

"ऐका," कलीम पुढं सरकला. इतका वेळ तो फोन चाळत कोपऱ्यात बसला होता. "राजूभाई समोर आहेत ते बरंच आहे, लपवाछपवी नको. साठ वर्षं संपतात असं तुम्ही सगळे म्हणताय. पण आपल्याला आणखी साठ मिळू शकतात."

शेंगा फोडायचा आवाज थांबला.

कलीमनं सांगितलं ते असं. पुण्यातली एक कंपनी लहान मुलांसाठी गाण्यांचे आणि कोड्यांचे व्हिडिओ बनवते. छापील पुस्तकाशी तिला देणंघेणं नाही, ते जानेवारीत फुकटच मिळणार. पण कलीम लहान असताना फुफी, म्हणजे आत्या कुलसुमबी, त्याला पुस्तकात नसलेली कितीतरी कोडी घालायची. ती कधीच छापली गेली नाहीत. आणि लेखक गेला तेव्हा जे छापलेलं नव्हतं, त्याची साठ वर्षं मोजायची ती पहिल्यांदा छापून येईल तिथून.

"म्हणजे यंदा बाहेर काढलं तर पार दोन हजार पंच्याऐंशीपर्यंत आपलं," कलीम म्हणाला. "कंपनीला फक्त फुफीच्या सहीचं एक निवेदन हवं. ही कोडी तिच्या वडिलांची आहेत, एवढंच."

तौसिफचा चेहरा उजळला. या भावाशी त्याचं गेल्या ईदपासून धड बोलणं नव्हतं. आता तो उठून त्याच्या शेजारी जाऊन बसला. राजशेखर मात्र पार गोंधळून गेला.

"थांबा थांबा. जे लोकांनी कवाच वाचलं ते मोकळं, अन् जे कुणी ऐकलंच न्हाय त्याला आत्ता कुलूप?"

"कायदा तसा आहे," कलीम म्हणाला.

"तरन्नुम, तू शिकवतीस ना ह्ये?" तौसिफनं विचारलं. "मंग सांग की. किती वर्षं बरोबर?"

सगळे तिच्याकडं बघू लागले. या प्रश्नावर ती वर्गात बोलली होती, आणि चांगलं बोलली होती. तेच ती आता बोलू लागली. नक्कल करणं सोपं असतं म्हणून लिहिणाऱ्याला काही वर्षं एकट्याला हक्क द्यायचा, नाहीतर तो कशाला लिहील? पण हा हक्क फुकट मिळत नाही. तो असेपर्यंत बाकीच्यांना वाट बघावी लागते, जास्त मोजावं लागतं, नाहीतर वस्तूच मिळत नाही. म्हणून लिहिणारा लिहायला बसेल इतकाच काळ द्यावा.

"पन्नास वर्षांनी नातवाच्या हातात काही पडेल म्हणून कुणी आज एक पान जास्त लिहीत नाही, भाईजान. इतक्या लांबचा पैसा आजच्या माणसाला जवळजवळ दिसतच नाही. आधी कायद्यात पन्नासच वर्षं होती. ब्याण्णव साली ती साठ केली. दादा तेव्हा कबरीत होते. त्या वाढीव दहा वर्षांसाठी त्यांनी एक तरी कोडं जास्त रचलं का?"

राजशेखर हसला. तौसिफ नाही हसला.

"अन् त्या काळात झालं काय?" तिला आता स्वतःचंच बोलणं पटत चाललं होतं. "दादांच्या पुस्तकात विहिरीतल्या पोहऱ्याचं कोडं आहे ना? 'जाताना रिकामा गाणं म्हणत गेला, येताना भरला रडत वर आला.' त्र्याऐंशीनंतरच्या ज्या पोरांनी पोहरा बघितला त्यांच्या हातात पुस्तक नव्हतं. आता पुस्तक येईल, तर कोणत्या पोराला पोहरा ठाऊक आहे? आपण जपलं म्हणतो. जपता जपता शिळं केलं."

"झालं तुझं?" कुलसुमबीनं विचारलं. आवाजात राग नव्हता. "बहात्तरचा दुष्काळ तू बघितला न्हाईस. गावच्या बायका खडी फोडायला जायच्या. माझ्या अम्मीच्या हातात हातोडी आली न्हाय. का? शाळा उघडल्या की शरणबसप्पा स्वतः यायचे, दाराबाहेर चप्पल काढायचे अन् पुस्तकाचे पैसे अम्मीच्या पुढं ठेवायचे. अब्बाला जाऊन सात वर्षं झाली हुती. त्यांनी हक्क ठेवला न्हाय असं म्हणती का तू?"

"नाही फुफी, सात वर्षं तर..."

"मंग किती? दहा? धाकट्याचं शिक्षान व्हायचं हुतं तवा. वीस? तू आकडा सांग ना."

तरन्नुमला आकडा सांगता येईना. अम्मी म्हणजे तिची दादी. ती ऐंशी सालाच्या आसपास गेली, तोवर पुस्तकानं घर धरून ठेवलं होतं. तिथंच हक्क संपायला हवा होता म्हणावं, तर दादांची लेक समोर जिवंत बसली होती आणि जानेवारीत तिच्याच बापाच्या पुस्तकावर तिचा काही हक्क उरणार नव्हता. म्हणजे साठ वर्षं कमी पडली. आणि पुस्तक चाळीस वर्षं कुणाला मिळालं नाही, म्हणजे साठ वर्षं जास्त झाली. दोन्ही एकाच घरात, एकाच पुस्तकाच्या बाबतीत कसं खरं असेल? फळ्यावर ती एक रेघ वर जाणारी काढायची, एक खाली येणारी, आणि जिथं दोन्ही छेदतात तिथं बोट ठेवायची. इथं बोट कुठं ठेवावं तेच कळेना.

"ते राहू दे," तौसिफ म्हणाला. "तरन्नुम, तुझं अक्षर चांगलं हाय. लिही ते निवेदन."

तिनं पर्समधून पेन काढलं. लिहायचं नाही असंही वाटत होतं आणि फुफीच्या म्हातारपणी चार पैसे तिच्या नावावर आले तर नको कशाला, असंही. कलीम सांगत गेला, ती लिहीत गेली. 'मी, कुलसुमबी, असे निवेदन करते की खालील सर्व कोडी माझे वडील...'

"आता एकेक सांग, फुफी," कलीमनं फोनचं रेकॉर्डिंग सुरू केलं.

कुलसुमबीनं सूप बाजूला सारलं, पदरानं हात पुसले.

"काळ्या अंगणात चांद उतरला,
फुगला, रुसला, पोटात शिरला."

"तव्यावरची भाकर!" राजशेखर पोरासारखा ओरडला.

"हां. पन ह्ये लिहू नको," ती तरन्नुमला म्हणाली. "ह्ये अब्बाचं न्हाय. माझं हाय."

"तुझं?"

"माझं म्हंजे मी रचलेलं. अम्मी भाकरी करायची, मी पुढ्यात बसायची. अब्बा शाळेतून आले की त्यांना घालायची. त्यांना उत्तर येत असून बी येत न्हाय म्हणायचे."

"तू कधी सांगितलं नाहीस," तरन्नुमच्या तोंडून निघून गेलं.

"कुणी इचारलं?"

कलीमनं पटकन हिशेब मांडला. "काही बिघडत नाही. उलट जास्त चांगलं! फुफीचं असेल तर फुफी आहे तोवर, आणि त्यापुढं साठ."

"म्हंजे मी जितकी जास्त जगंन तितकं तुमाला फायद्याचं?"

"हो."

"बरं झालं कायतरी कारन मिळालं," कुलसुमबी म्हणाली आणि खळखळून हसली. मग तिनं दुसरं कोडं घातलं.

"रानात उभी राहिली, डोईवर मोती,
मोती गेले गावात, ती सुकली शेती."

"ही ज्वारी," ती म्हणाली. "ह्ये मात्र अब्बाचं. म्हंजे मराठी अब्बाचं. मूळ लक्ष्मम्माचं. तुझी आजी रे, राजू. ती कानडीत घालायची, अम्मीला कळायचं न्हाय, मंग अब्बा मराठीत जुळवून द्यायचे. असली लई हायत. कदी पैली ओळ तिची, दुसरी अम्मीची. एकदा अम्मीनं घातलं, अब्बानं मोडलं, मी पुन्हा जोडलं. आता कसं सांगू कुनाचं कुठलं?"

तरन्नुमचं पेन 'माझे वडील' या शब्दांशी थांबलं होतं.

"मग लक्ष्मम्माच्या वारसांची पण सही लागेल," कलीम पुटपुटला. "म्हणजे राजूभाईंची."

राजशेखरनं दोन्ही हात वर केले. "मी परवानगी मागायला आलो हुतो, मालक कवा झालो?"

"झालास की!" तौसिफ उसळला. "आता तुझ्या हुमनाबादच्या आत्या येतील, चुलते येतील. सगळं खानदान वाटा मागंल. फुफी, एवढं दादांचं म्हणून टाकलं असतंस तर काय झालं असतं?"

"अम्मीचं काडून अब्बाला देऊ?"

"दिलं असतंस तर घरातच राहिलं असतं!"

"लक्ष्मम्मा काय बाहेरची हुती व्हय?" कुलसुमबीचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तुझा बाप तिच्या मांडीवर वाढला."

तौसिफ उठला आणि मधलं दार ढकलून पुढच्या दुकानात गेला. कलीम फोनकडं बघत बसला. तरन्नुम भावाच्या मागं गेली.

रविवारचं शटर अर्धं खाली होतं. तौसिफ बांगड्यांचे डबे उगाच या फळीवरून त्या फळीवर ठेवत होता. तो भांडेल, असं तिला वाटलं होतं. तो हळू आवाजात बोलू लागला.

"मी सातवीत हुतो. गुरुजींनी गाईड उघडलं अन् वर्गाला कोडं घातलं. दादांचं. खाली नाव न्हाय, काय न्हाय. मी उभा राहिलो, म्हणलं ह्ये आमच्या दादाचं हाय. सगळा वर्ग हसला. गुरुजी म्हणले, कोडी लोकांची असतात, बस खाली. तवापासून ठरवलं, आता कुनाला हात लावू देणार न्हाय."

"म्हणून प्रकाशकांना हाकललंत?"

"एक जण पुस्तकातली निम्मी कोडी गाळतो म्हणला. दुसरा नाव बदलतो म्हणला. तिसरा कसा हुता आठवत न्हाय. तवर सवय लागली हुती." तो थांबला. "तुमी म्हणता मी अडवून ठेवलं. पुस्तक सगळं पाठ हाय मला. पैल्या कोड्यापासून शेवटपर्यंत. घरात अजून कुनाला येतं?"

तरन्नुमला पोहऱ्याचं आणि आणखी तीनचार आठवत होती. कलीमला तेवढीही नसतील. ज्यानं पुस्तक लोकांपासून अडवलं त्याच्याच एकट्याच्या तोंडी ते जिवंत होतं. मघाशी स्वतः केलेलं भाषण तिला आता भलतंच सोपं वाटू लागलं, पण म्हणून ते खोटं होतं का? तसंही म्हणता येईना.

"भाईजान, जानेवारीत कुणी चुकीचं छापलं, तरी हे तुमचं म्हणायला कायदा तुमच्या बाजूनं उभा राहणार नाही फारसा."

"ठाव हाय. म्हणूनच तर." त्यानं एक डबा उघडून पुन्हा बंद केला. "जानेवारीत मी कोन, तरन्नुम? पाशामियाँचा नातू म्हणून आजवर लोक माझ्या दारात आले. आता कशाला येतील?"

"राजू आलाच की. यायची गरज नसताना."

आतून कुलसुमबीचा आवाज येत होता, ती राजशेखरला एकामागून एक कोडी घालत होती. दोघं ऐकत उभे राहिले.

"...काळ्या अंगणात चांद उतरला..."

"उगवला," तौसिफ एकदम म्हणाला आणि तसाच आत गेला. "फुफी, चांद उगवला. मला लहानपनी तू उगवला म्हणूनच शिकवलंस."

"उतरला. भाकर वरून टाकत्यात, जमिनीतून येती व्हय?"

"मग मला चुकीचं का शिकवलं?"

"तवा उगवला म्हणत हुते. नंतर सुधारलं. माझं हाय, मी सुधारंन."

राजशेखर दोघांकडं आळीपाळीनं बघत होता. कलीमनं फोन बंद करून खिशात ठेवला. "कंपनीला नाही म्हणून कळवतो," तो म्हणाला. "त्यांना एकच मालक पाहिजे. इथं तर एका ओळीला तीन निघाले." त्याच्या बोलण्यात नाराजी होती, सुटकाही होती.

"पन माझी जी हायत त्यांचं काय?" राजशेखरनं कुलसुमबीला विचारलं, मग जीभ चावली. "म्हंजे तुमची जी हायत. ती छापू का नको? अन् किती दिवस तुमची धरायची?"

कुलसुमबीनं सूप परत पुढं ओढलं. तरन्नुमला वाटलं, आता ही पुन्हा आपल्याकडंच बघणार. पण तिनं कुणाकडंच बघितलं नाही.

"मी हाय तवर मला इचारा," ती म्हणाली. "इचारायला मी नसंन, तवा कुनालाच इचारू नका."

"आणि दादांचं पुस्तक?" तौसिफनं विचारलं.

"त्यांच्या जागी इचारायला अजून तू हायस. दोन महिने. ते पोरगं इचारतंय, तर त्याला उत्तर दे."

तरन्नुमच्या डोक्यात लगेच हरकती उभ्या राहिल्या. असा नियम केला तर म्हाताऱ्या लेखकाला तरुणापेक्षा कमी मिळेल. उद्या लिहून परवा गेलेल्याच्या लेकरांनी काय करायचं? बहात्तर साली हा नियम असता तर दादीच्या हातात हातोडी आली असती, आणि हे फुफीनंच मघाशी सांगितलं होतं. हे सगळं बोलावं म्हणून तिनं तोंड उघडलं. फुफीचं वाक्य वर्गात कुठंच टिकलं नसतं. या खोलीत मात्र ते सगळ्यांना पटलेलं दिसत होतं, आणि खरं तर तिलाही. तिनं अर्धवट लिहिलेल्या निवेदनाचा कागद फाडला आणि कोऱ्या कागदावर परवानगी लिहायला घेतली. बाकीच्या वारसांना फोन करायचं कलीमनं अंगावर घेतलं. सोलापूरचे ऐकतील, हैदराबादच्यांचं सांगता येत नाही, आखातातल्याचा तर नंबरही बदललेला. सगळ्यांच्या सह्या येईपर्यंत जानेवारी उजाडेल, हे त्यालाही कळत होतं आणि राजशेखरलाही.

कागद तौसिफपुढं आला. त्यानं चष्मा लावून तो दोनदा वाचला. चाळीस वर्षांत या घरातून असा कागद बाहेर गेला नव्हता. त्यानं सही केली, पण कागद सोडला नाही. राजशेखरनं एक टोक धरलं होतं, दुसरं याच्या बोटांत.

"मागच्या आवृत्तीत चुका हुत्या," तौसिफ म्हणाला. "पोहऱ्याच्या कोड्यात ओळच गाळली हुती. या वेळी प्रूफ मी तपासनार."

"तपासा की भाई. पन किती दिवस लावनार?"

तौसिफनं कागद सोडला.

"लागतील तितके," तो म्हणाला.